पक्षकाराच्या हातची पाळत

१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळक बेळगावात स्वराज्यावर बोलले, तेव्हा समोरच्या गर्दीत पोलीस खात्याचा लघुलेखकही बसला होता. तीनचार दिवसांपूर्वीच याच गावात होमरूल लीगची स्थापना झाली होती. त्या भाषणाची आणि महिनाभराने अहमदनगरला झालेल्या दोन भाषणांची टिपणे मराठीत घेतली गेली, मग त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली, आणि सीआयडीचे उपमहानिरीक्षक गायडर यांनी ती पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे ठेवली. २३ जुलैला, टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी, त्यांच्या हाती नोटीस पडली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार देऊन वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्यावी, असा हुकूम दंडाधिकाऱ्याने केला. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. भाषणे सुटी वाक्ये काढून न वाचता सबंध वाचली पाहिजेत, ही न्यायमूर्तींची भूमिका होती. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे होते. या प्रकरणाची आठवण आपण सहसा टिळकांच्या विजयाची म्हणून ठेवतो. पाळतीच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ऐकणारे, लिहून घेणारे, भाषांतर करणारे आणि पहिला निवाडा देणारे सगळे एकाच सरकारचे नोकर होते. त्या साखळीबाहेरच्या माणसाने कागद हाती घेतले, तेव्हाच त्याच शब्दांचा अर्थ बदलला. आणि ते कागद बाहेर आले याचे कारण सभा उघडी होती. कोण काय लिहून घेत आहे हे बोलणाऱ्यालाही दिसत होते.

आज ऐकणारा दिसत नाही. राष्ट्रीय सुरक्षा आणि माणसाचे खासगीपण यांचा वाद बहुधा तराजूच्या भाषेत मांडला जातो: एका पारड्यात देश, दुसऱ्यात व्यक्तीची सोय, आणि देश जड असल्याने व्यक्तीने थोडे सोडावे. ही मांडणी मला मान्य नाही, कारण तराजू कोणी धरला आहे हे तिच्यात विचारलेच जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न टाळता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये केंद्राने भारताचे माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, पण निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, म्हैसूरने उचलून धरला, आणि एकही गाव हलले नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. या दाव्यात प्रतिवादी आहेत दोन: भारत सरकार आणि कर्नाटक राज्य. निपाणी महाराष्ट्रात जावी असे म्हणणारा माणूस देशाच्या एका माजी सरन्यायाधीशाने सरकारी अहवालात लिहिलेले मत मांडत असतो, आणि ते मत आज देशातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका घटक राज्याची मागणी म्हणून उभे आहे. त्यात देशाच्या अखंडतेला धक्का देणारे काही नाही. गाव महाराष्ट्रात गेले काय आणि कर्नाटकात राहिले काय, ते भारतातच राहते.

आता कायदा पाहू. फोन ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) मधून आला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही त्याची पहिली अट होती. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला घटनेच्या कलम २१ चा बांध घातला: हुकूम गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिनेच चालेल, कितीही वाढवला तरी सहा महिन्यांपुढे जाणार नाही, आणि त्याची छाननी एका समितीने करावी. २००७ मध्ये हेच नियम ४१९अ म्हणून तारनियमांत आले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा मोडीत काढला, पण कलम २०(२) मध्ये तोच अधिकार ठेवला. डिसेंबर २०२४ च्या नियमांनी यंत्रणाही जवळपास तशीच पुढे नेली. म्हणजे बेळगावातला फोन ऐकायचा तर सही कर्नाटकच्या गृहसचिवाची किंवा केंद्रीय गृहसचिवाची. राज्याच्या हुकुमाची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष राज्याचे मुख्य सचिव, सदस्य विधी सचिव आणि आणखी एक सचिव. केंद्राच्या समितीवर मंत्रिमंडळ सचिव आणि त्यांच्यासोबत दोन सचिव. न्यायाधीश कुठेच नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही, बाहेरचा वकीलही नाही. बाकी देशात हा दोष तत्त्वाचा आहे. सीमाभागात तो पक्षपाताचा होतो, कारण सही करणारे आणि सही तपासणारे दोघेही मूळ दाव्यातल्या प्रतिवादींचे अधिकारी आहेत. पलीकडे कागल, चंदगड, गडहिंग्लजमध्ये कन्नड बोलणाऱ्या किंवा कर्नाटकची बाजू घेणाऱ्या माणसाचा फोन ऐकण्याचा हुकूम वादीचा अधिकारी देतो, आणि तोही तितकाच गैर आहे. स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये हे तत्त्व आपण ग्रामपंचायतीच्या भांडणातही पाळतो. पाळतीच्या कायद्यात मात्र त्याला जागा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे शंकेखोरपणाचे आहे. सचिव दर्जाचे अधिकारी राजकीय वादासाठी असले काम करणार नाहीत. पण याच कर्नाटकात ऑगस्ट १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपांमुळे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१९ मध्ये, आधीच्या सरकारच्या काळात राजकारण्यांचे आणि अधिकाऱ्यांचे फोन ऐकले गेल्याच्या आरोपांचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला. महाराष्ट्रातही राजकीय नेत्यांच्या फोनवरून गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोण दोषी आणि कोण निर्दोष हा इथे मुद्दा नाही. दोन्ही राज्यांत अशी शंका इतक्या सहज उभी राहते आणि तिचे निरसन करायला समितीचा कागद कधीच पुरत नाही, हे लक्षात घ्यावे. समितीकडून ते व्हावे तरी कसे? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या माहिती संरक्षणावरील समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की केंद्राची छाननी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एकेका बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार हुकूम असतात. दिवसभर जेवणाची सुट्टीही न घेता बसले तरी एका हुकुमाला काही सेकंदांपलीकडे वेळ मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात सीबीआयच्या तपासातले टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. लाचेच्या आरोपाला सार्वजनिक सुरक्षिततेचे नाव देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हे हुकूम छाननीच्या पायरीवर अडले नाहीत. खटला उभा राहिला आणि टॅपिंग आरोपीसमोर आले म्हणून ते पकडले गेले. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याला आपला फोन ऐकला गेला हे कधी कळत नाही, आणि जे कळत नाही त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षेचाच आहे, आणि त्याला अंगचोरपणे उत्तर देऊन चालणार नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव आहे. सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. त्याहून जवळचे उदाहरण पुणे–बेंगळुरू महामार्गाचे. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांना, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांना आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश यांना गोळ्या घातल्या गेल्या. ही चारही गावे एका रस्त्यावर आहेत, आणि निपाणी, बेळगाव त्या रस्त्याच्या मधोमध. लंकेश हत्येच्या तपासात कर्नाटकच्या विशेष पथकाने जे मांडले त्यात खानापूरच्या जंगलात झालेल्या नेमबाजीच्या सरावाचा उल्लेख आहे. त्या तपासात फोनवरच्या बोलण्यांचा माग फार उपयोगी पडला. ज्यांना विवेकवादाची चाड आहे त्यांनी हे कबूल केले पाहिजे की पोलिसांना फोन ऐकता आले नसते तर हा कट उलगडायला आणखी वर्षे गेली असती. मला हे अधिकार काढून घ्यायचे नाहीत. पण इथे पाळतीला आधार कशाचा होता ते पाहावे: घडलेला खून, संशयित ठरलेली माणसे, विशेष पथक आणि शेवटी न्यायालयात दाखल झालेले आरोपपत्र. कर्नाटकच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालची कलमेही या खटल्यात लागली; अशा कायद्यांत टॅप केलेले संभाषण पुरावा म्हणून न्यायालयापुढे येते आणि आरोपीच्या वकिलाला ते उलटून तपासता येते. हीच पाळत सर्वांत जास्त कामाची ठरली, आणि हीच सर्वांत जास्त उजेडात आली. उजेडाने पोलिसांचे नुकसान झाले नाही.

कोणी म्हणेल, सीमालढा सौम्य राहिलेला नाही. दगडफेक होते, बसगाड्यांना काळे फासले जाते, मग पोलिसांनी आधी माहिती काढू नये काय? काढावी. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे लागले, कोगनोळीजवळ महाराष्ट्रातून निघालेल्या नेत्यांना अडवले गेले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवले, तेव्हा नेत्यांच्या नावाने चालणाऱ्या बनावट ट्विटर खात्यांचाही प्रश्न निघाला. अशा दिवसांत कोण दगड गोळा करतो आहे हे पोलिसांना ठाऊक असायलाच हवे, मग तो कोणत्याही भाषेचा असो. पण १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या मूक सायकल फेरीत सामील होणे, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणे, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बैठकीला जाणे या गोष्टी दगडफेकीच्या तयारीत मोडत नाहीत. फेरीला बंदोबस्त असावा, रस्त्यावर पोलीस दिसावा. फेरीत कोण कोण होते याची चेहऱ्यानिशी यादी करून ती वर्षानुवर्षे ठेवणे हे बंदोबस्ताच्या पलीकडचे काम आहे. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे गेली. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना अशा यादीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

फोन ऐकण्याविषयी आपण जितके बोलतो तितके फोनच्या नोंदींविषयी बोलत नाही, आणि सीमाभागात धोका तिथे जास्त आहे. कोणी कोणाला, कुठून, किती वेळ फोन केला हे सांगणारा सीडीआर मिळवायला गृहसचिवाची सही लागत नाही. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी तपासासाठी तो कंपनीकडून मागवू शकतो. आता निपाणीच्या कुठल्याही घराचा विचार करा. लेक कागलला दिलेली, सून गडहिंग्लजची, धाकटा इचलकरंजीत कामाला, दवाखाना कोल्हापूरला, कोर्टकचेरी चिक्कोडीला किंवा बेळगावला. यांच्या फोनची रोजची रेघ राज्याची हद्द ओलांडूनच जाते. या नोंदी कोणत्या दृष्टीने वाचायच्या हे वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. मुंबईच्या कार्यालयात फोन केलेला शिक्षक हा कागदावर मावसभावाशी बोलणारा माणूस आहे की आंदोलनाचा दुवा, हे नोंद सांगत नाही. १९१६ मध्ये निदान सबंध भाषण तरी होते. सीडीआरमध्ये शब्दच नाहीत, त्यामुळे सबंध वाचा असे म्हणायलाही जागा उरत नाही. त्यात शहरातल्या कॅमेऱ्यांची भर पडते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली आणि शहराला एकात्मिक नियंत्रण कक्ष मिळाला. वाहतुकीसाठी तो कामाचा आहे. त्यातली चित्रे किती दिवस ठेवायची आणि कोणाला द्यायची हे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ठरायला हवे.

ज्याने काही केले नाही त्याने भ्यावे कशाला, हे वाक्य या चर्चेत हमखास येते. इथे एका वेगळ्या माणसाचा विचार करावा: सर्वोच्च न्यायालयातल्या सीमादाव्यासाठी जुने कागद काढून देणारा, शाळेच्या दाखल्यांवरून आणि सातबाऱ्यांवरून गावाची भाषा सिद्ध करायला मदत करणारा, वकिलाशी बोलणारा. त्याने गुन्हा केलेला नाही. तो न्यायालयाच्या कामात मदत करतो आहे. त्याचे बोलणे प्रतिवादीने ऐकले तर गेले ते केवळ त्या माणसाचे खासगीपण नाही. दाव्याच्या दोन बाजूंची समानता गेली. आणि ऐकले गेले तर त्याला ते कळण्याची सोय कायद्यात नाही. मराठी शाळेतला शिक्षक किंवा नगरपालिकेचा कर्मचारी नोकरी सांभाळून आपले मत ठेवतो. घरात, मित्रांत तो ते मोकळेपणाने बोलू शकला नाही तर भाषिक अल्पसंख्याकांना घटनेने दिलेली हमी कागदावरच राहते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, हे बेळगावच्या मराठी माणसानेही अभिमानाने सांगावे. त्या निकालाने सरकारवर तीन गोष्टींचे ओझे टाकले: कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि घेतलेला उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने हेही बजावले की राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतल्याने सरकार प्रत्येक वेळी चौकशीतून सुटू शकत नाही.

पाळतीच्या हुकुमासाठी न्यायाधीशांकडे गेल्यास वेळ जाईल आणि अतिरेकी निसटेल, असे पोलीस खात्यातले अनुभवी लोक सांगतात. पण तातडीची तरतूद सध्याच्या नियमांतच आहे. प्रसंग निकडीचा असेल तर तपास यंत्रणेतला ठरलेल्या दर्जाचा वरिष्ठ अधिकारी स्वतः हुकूम देऊ शकतो. गृहसचिवाची मंजुरी कामाच्या सात दिवसांत मिळाली की झाले. सात दिवसांत सचिवाकडे जाणारी फाईल न्यायाधीशाकडे का जाऊ शकणार नाही? ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही बंधनकारक केली, आणि तिथली गुप्तचर यंत्रणा त्यामुळे लुळी पडलेली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की धोका टळल्यावर ज्याचा फोन ऐकला त्याला तसे कळवले पाहिजे, आणि वकील व पत्रकारांच्या बाबतीत जास्त काळजी घेतली पाहिजे. न्यायाधीशही डोळे झाकून सह्या करतील ही भीती खरी आहे; रिमांडच्या अर्जांवर आपण ते रोज पाहतो. पण न्यायाधीशाच्या हुकुमाला कारण लिहावे लागते, त्याच्यावर अपील होऊ शकते, आणि तो दाव्यातल्या कोणत्याच बाजूच्या हाताखालचा अधिकारी नसतो. गूगल आणि फेसबुकला सगळे ठाऊक असताना सरकारलाच का अडवता, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते: त्या कंपन्या जाहिरात दाखवतात, अटक करत नाहीत. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांना बांधले आहे. कलम १७(२) मात्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा देते. ही सूट सर्वांत आधी आवरायला हवी.

पुढील प्रकरणांत कायद्याचे बारकावे, इतर देशांची उदाहरणे आणि पोलिसांची बाजू सविस्तर येईल. सीमाभागापुरती मागणी मात्र आताच नेमकी सांगता येते, आणि ती सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबून नाही. दावा केव्हा संपेल आणि कसा संपेल हे न्यायालय ठरवील. तोवर, आणि त्यानंतरही, एखाद्या राज्यातल्या माणसाच्या पाळतीचा हुकूम ज्या वादाशी संबंधित आहे त्या वादात ते राज्य किंवा केंद्र पक्षकार असेल, तर छाननी समितीवर निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीश बसावा, आणि तो वादातल्या राज्यांबाहेरचा असावा. हुकुमात राजकीय मत किंवा संघटनेचे सदस्यत्व हे कारण म्हणून चालू नये. सहा महिन्यांनी संबंधिताला कळवावे, आणि कळवायचे नसेल तर त्या न्यायाधीशाने तसे लिहून द्यावे. समितीची रचना कायद्यात नाही, नियमांत आहे. म्हणजे यातली पहिली मागणी मान्य करायला संसदेचे अधिवेशनही लागत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ च्या नियमांत दुरुस्तीची एक अधिसूचना काढली की काम होते. ती कर्नाटकाने मागितली तर निपाणीचा मराठी माणूस तिचे स्वागत करील, आणि महाराष्ट्राने मागितली तर अक्कलकोट आणि जतचा कन्नड माणूसही करील.